मानपत्रात नसलेले नाव

गिरधरभाऊंच्या हाताखाली तयार झालेला विमा प्रतिनिधी ओळखायचा असेल, तर त्याला मरणाच्या घरी जाताना पाहावे. गावाची पहिली घरे दिसू लागली की तो मोटारसायकल बंद करतो, ती एखाद्या दुकानाशी लावतो, हेल्मेट आरशाला अडकवतो, बॅग दुकानदाराच्या स्वाधीन करतो आणि उरलेली वाट पायी चालतो. गेलेल्या माणसाच्या घरी भेटायला जाण्याला आमच्या खानदेशात दारावर जाणे म्हणतात. दारावर जाताना गाडीचा आवाज अंगणापर्यंत नेऊ नये, असा भाऊंचा दंडक होता. पहिल्या भेटीत पॉलिसीचा विषय काढायचा नाही. सतरंजीवर बसायचे, दिलेले पाणी घ्यायचे आणि उठायचे. कागदपत्रांचे बोलणे त्यानंतर, घरातून कोणी विचारील तेव्हा.

आणखी एक दंडक होता, आणि भाऊ तो सर्वांत कठोरपणे पाळत. एका घरातले मरण दुसऱ्या घरी सांगायचे नाही. गेलेल्याचे नाव आपल्या तोंडी येऊ द्यायचे नाही. विमा विकताना तर नाहीच, पण चहाच्या टपरीवर, बैठकीत, आपसांतल्या गप्पांतसुद्धा नाही.

मी त्यांच्याकडे कामाला लागलो तेव्हा हे सगळे मला नव्याने शिकावे लागले नाही. मी शाळेत होतो तेव्हा भाऊ आमच्याच दारावर आले होते. म्हसावदच्या आमच्या गल्लीत ते पायी येत होते आणि मी ओट्यावर बसून त्यांच्याकडे पाहत होतो. माझे वडील हंगामात नंदुरबारला राहून मिरची वाळवण्याच्या मैदानावर, पथारीवर, काम करायचे. तिथेच, वाळत घातलेल्या लाल मिरच्यांच्या मधोमध, भर उन्हात ते कोसळले आणि पुन्हा उठले नाहीत. त्या दिवसांत आमच्या घरी आलेला प्रत्येक माणूस काही ना काही बोलत होता. भाऊ मात्र गप्प बसले होते. मला ते फार मोठे वाटले होते. मोठा झाल्यावर आपणही असेच गप्प बसावे, असे तेव्हा मनात आले असावे. बोलणे मला तसेही कधी जमले नाही.

यंदा फेब्रुवारीअखेर भाऊ विकास अधिकारी म्हणून निवृत्त होणार होते. जिल्ह्यातल्या निम्म्याहून अधिक प्रतिनिधींना त्यांनीच घडवले होते. त्यामुळे सत्कार थाटात व्हावा असे सर्वांनाच वाटत होते. सर्वांत जास्त वाटत होते ते आमचे शाखा व्यवस्थापक राजेंद्र साहेब यांना. ते वर्षभरापूर्वीच नाशिकहून बदलून आले होते. माणूस मनाने स्वच्छ, पण कार्यक्रमांच्या बाबतीत हौशी. शाखेतल्या बैठकीत त्यांनी आपली कल्पना मांडली तेव्हा त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता.

"हार-तुरे सगळीकडे असतात," ते म्हणाले. "आपण वेगळं करू. ज्या कुटुंबाला भाऊंनी आधार दिला, त्यातल्या एका लाभार्थी भगिनीच्या हस्ते सत्कार करू. आणि एक मोठा धनादेश तयार करून घेऊ. थर्माकोलचा, पुरुषभर लांब. त्यावर आकडा नको, फक्त 'विश्वास' असं लिहायचं. भाऊ एका बाजूला, त्या ताई दुसऱ्या बाजूला. फोटो काय येईल!"

मग ते माझ्याकडे वळले. "भूपेंद्र, तुमच्या वडिलांचा दावा भाऊंनीच मार्गी लावला होता ना?"

"हो, सर."

"मग आईंनाच आणा. आणि मानपत्र तुम्ही लिहा. तुमचं मराठी चांगलं आहे."

मी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली, हे माझे मलाही कळले नाही. साहेबांनी तो होकार मानला.

बाहेर टपरीवर नासिरभाईंनी मला गाठले. नासिरभाई आमच्यातले सर्वांत जुने प्रतिनिधी. घराण्याचा धंदा अत्तर-सुरम्याचा, जीभ त्याहून सुगंधी. सूत्रसंचालन अर्थातच त्यांच्याकडे होते.

"काय रे, तोंडात गुळणी धरली होती का? बोलला का नाही?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"मी बोललो असतो तर साहेब म्हणाले असते, नासिरभाईला शायरीला वेळ कमी पडू राहिला, म्हणून आयटम कापतो. आई तुझी आहे. बोलणं तुझं आहे." त्यांनी बशीतला चहा फुंकला. मग आवाज उतरवून म्हणाले, "भाऊंना हे आवडणार नाही. माझ्याएवढं ते कुणाला ठाऊक?"

नासिरभाई नवीन होते तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. खापर गावचा एक तरुण अपघातात गेला आणि त्याच्या घरी दाव्याची रक्कम लवकर पोहोचली. नासिरभाईंनी त्या तरुणाचा वर्तमानपत्रातला फोटो कापून खिशात ठेवला आणि बाजारात दुकानोदुकानी दाखवत सुटले. बघा, कालपरवा हसत होता, तुम्हीही विचार करा. धंदा जोरात चालला. भाऊंच्या कानावर गेले. ते रागावले नाहीत. त्यांनी नासिरभाईंना गाडीवर मागे बसवले, खापरला नेले आणि त्या तरुणाच्या आईसमोर बसवले. म्हातारीने विचारले, "तू ओळखत व्हता का रे मन्हा पोऱ्याले?"

"मी काय सांगणार?" नासिरभाई म्हणाले. "शकल त्याची खिशात, आणि त्याला चहा आवडत होता की ताडी, तेही मला माहीत नाही. येताना भाऊ एवढंच बोलले, ज्याला तू ओळखत नाहीस त्याला खिशात घेऊन फिरू नकोस."

त्या शनिवारी मी म्हसावदला गेलो. आई ओट्यावर मिरच्यांची देठे खुडत बसली होती. बोटांची आग होऊ नये म्हणून तिने तेल चोळले होते. मी समोर बसलो आणि नजर पाटीत ठेवून सांगून टाकले, की नंदुरबारला गिरधरभाऊंचा सत्कार आहे आणि साहेब तिला स्टेजवर बोलावत आहेत. ती नाही म्हणेल, अशी माझी खात्री होती. तिचा नकार साहेबांपर्यंत पोहोचवणे मला सोपे होते. स्वतःचा नकार पोहोचवण्यापेक्षा फारच सोपे.

"मी येसू," आई म्हणाली.

"तठे बोलनं पडी."

"बोलसू."

"गर्दी राही. फोटो काढतीन."

"मंग? मन्हं तोंड काय वाईट शे का?" तिने हातातली मिरची माझ्याकडे रोखली. "तुले लाज वाटस का मन्ही?"

"नही वो आई."

"मंग झालं."

ती पुन्हा देठे खुडू लागली, पण हात पहिल्यापेक्षा वेगाने चालत होते. थोड्या वेळाने तिने विचारले की बोलायला किती वेळ देतील. कोणकोण असतील, मोठी माणसे असतील का, सगळ्यांना ऐकू जाईल का, हेही विचारले. तिच्या स्वरात एक उत्सुकता होती. ती मला ओळखीची नव्हती, म्हणून तिचे मला भय वाटले. वडील गेल्यापासून आई कुठल्याही समारंभात पुढे बसलेली मी पाहिली नव्हती.

मानपत्रासाठी माहिती हवी, हे निमित्त करून मी भाऊंकडे गेलो. मनात होते की सगळे त्यांनाच सांगून मोकळे व्हावे. तापीकाठच्या त्यांच्या गावात केळीच्या बागांमधून रस्ता जातो. घड उतरवून झालेल्या झाडांची पाने फाटून वाऱ्यावर हलत होती. भाऊ ओसरीतल्या झोपाळ्यावर बसले होते. पांढरा सदरा, पायांत काही नाही. निवृत्तीच्या आधीच ते थोडे लहान झाल्यासारखे दिसले.

"काय लिहिणार आहेस माझ्याबद्दल?"

"तुम्ही सांगा, भाऊ."

"लिही, वेळेवर जात होता. बाकी खोटं पडेल."

मी हसलो. मग हळूहळू ते बोलू लागले. सुरुवातीला त्यांना अक्कलकुवा तालुक्याचा भाग दिला होता. खापरच्या बाजारात ते पहिल्यांदा बसले तेव्हा एका म्हाताऱ्याने त्यांना हाताला धरून उठवले होते. म्हणाला, लोक इथे मीठ-कांदे घ्यायला येतात आणि तू मरणाचं दुकान काय लावलंस? भाऊ उठले. पुढच्या बाजाराला पुन्हा गेले आणि बॅग न उघडता बसले. त्याच्या पुढच्याही बाजाराला गेले. कोणाची बैलजोडी आजारी, कोणाच्या मुलीचे लग्न ठरते आहे, कोण पोटाच्या दुखण्याने सुरतला जाऊन आले, हे सगळे त्यांना कळू लागले. बॅग बंदच होती. शेवटी त्याच म्हाताऱ्याने विचारले, "तुन्ही पिशवीमा शे तरी काय?"

"तेव्हा मला कळलं," भाऊ म्हणाले, "आपल्या धंद्यात पहिला शब्द समोरच्याचा असला पाहिजे."

पुढे हाताखाली माणसे आली. कोणत्याही नव्या प्रतिनिधीचा पहिला दावा असला, की भाऊ त्याच्यासोबत जायचे, पण घरात शिरायचे नाहीत. बाहेर झाडाखाली उभे राहायचे. त्या घराने त्या मुलाला ओळखावे, आपल्याला नव्हे, असा त्यांचा हिशेब होता. मुलगा बाहेर आला आणि त्याचे डोळे ओले असले, तर त्याला काही न विचारता उसाचा रस पाजायचे. डोळे कोरडे असले, तर परतीच्या वाटेवर त्याच्याशी बराच वेळ बोलायचे. माझ्या पहिल्या दाव्याच्या वेळी त्यांनी मला रस पाजला होता.

मी हे सगळे टिपून घेत होतो आणि जे सांगायला आलो होतो ते जिभेखाली ठेवून बसलो होतो. तेवढ्यात भाऊंनी झोपाळा पायाने थांबवला.

"एक मात्र बघ, भूपेंद्र. साहेब हौशी आहेत. हार घाला, शाल द्या, मी सगळं सोसेन. पण ज्यांच्या दारावर आपण गेलो, त्यांतलं कोणी स्टेजवर नको. लोकांच्या दुःखावर उभं राहून मला उंच दिसायचं नाही. आयुष्यभर एवढी एकच गोष्ट सांभाळली आहे. शेवटच्या दिवशी ती मोडू नका." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या आईंना मी घरी येऊन बोलावलं नाही, ते त्याचसाठी. राग मानू नका म्हणावं."

"हो, भाऊ," मी म्हणालो, आणि आईच्या होकाराचे न सांगताच उठलो.

परतताना तापीच्या पुलावर मी गाडी थांबवली. खाली पाणी इतके स्थिर होते की ते वाहते आहे यावर विश्वास बसू नये. एका बाजूला साहेबांचा उत्साह, दुसऱ्या बाजूला आईचा होकार, आणि मध्ये एका माणसाच्या आयुष्याची एकुलती एक अट. ती मोडली असती तर भाऊ कोणाला काही बोलले नसते. त्यांनी हसून शाल घेतली असती, फोटोला उभे राहिले असते आणि घरी जाऊन झोपाळ्यावर बसले असते. त्यांचे ते गप्प बसणे डोळ्यांसमोर आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या केबिनचे दार लोटले.

"सर, माझी आई स्टेजवर येणार नाही."

साहेबांनी वर पाहिले. "अहो, त्यांनी तर हो म्हटलं होतं ना?"

"तिने म्हटलं होतं. पण भाऊंना ते नको आहे." मग मी सांगत गेलो. मोटारसायकलचे, सतरंजीचे, खापरच्या म्हातारीचे. एका दमात एवढे मी पूर्वी कधी बोललो नव्हतो.

साहेब बराच वेळ पेनाचे टोपण काढत-लावत राहिले. "मला वाटलं, त्यांना बरं वाटेल," ते म्हणाले. "माझ्या वडिलांच्या निवृत्तीला ऑफिसात कोणी चहासुद्धा पाजला नव्हता हो. म्हणून जरा जास्तच..." त्यांनी वाक्य सोडून दिले. "धनादेश रद्द करतो. आईंना पुढच्या रांगेत बसवू. त्यांना तुम्ही सांगाल?"

मी आईला सांगितले. स्टेजवर जायचे नाही, बोलायचे नाही, भाऊंची तशी इच्छा आहे, असे नीट समजावून सांगितले. ती ऐकत होती. तिने लुगड्याच्या काठावरचा एक धागा ओढून तोडला.

"बरं," ती म्हणाली.

मला वाटले विषय संपला. पण पाण्याचा तांब्या घेऊन ती आत जाता जाता थांबली. "कार्यक्रमले येवाले तर मनाई नही ना?"

"नही."

"मंग येसू."

सत्काराच्या दिवशी सभागृह भरून गेले होते. डोंगरातल्या पाड्यांवरून, नदीकाठच्या गावांतून, शहादा-तळोद्याहून प्रतिनिधी आले होते. बाहेर शेकडो मोटारसायकली लागल्या होत्या. हवेत मिरचीची ती हंगामी धग होती. नंदुरबारच्या माणसाला ती जाणवत नाही, नवख्याला मात्र खोकला आवरत नाही. साहेबांना वर्ष होऊनही तिची सवय झाली नव्हती. ते रुमालात शिंकत पाहुण्यांचे स्वागत करत होते. भाऊ स्टेजवर मधल्या खुर्चीत बसले होते. डोक्यावरचा फेटा त्यांना घट्ट होत असावा, कारण ते सारखे कानामागे बोट घालत होते.

नासिरभाईंनी माइक हातात घेतला. "भाऊंनी आम्हाला सगळं शिकवलं. लोकांच्या घरी कधी जावं, कधी उठावं, किती बोलावं. एकच शिकवलं नाही. सासुरवाडीला किती दिवस थांबावं. म्हणून मी अजून तिथेच राहतो." सभागृह हसले. भाऊही हसले. मग एकेक जण उठून बोलत गेला. सगळे चांगले बोलले आणि कोणीही कोणाच्या मरणाबद्दल बोलले नाही. भाऊंचे खांदे हळूहळू सैल होत गेलेले मी पाहिले.

मग माझे नाव पुकारले गेले. मी मानपत्र वाचू लागलो. वाक्ये मी फार मेहनतीने बांधली होती. सेवा म्हणजे काय, नेतृत्व म्हणजे काय, वाट दाखवणारा माणूस मागे कसा उभा राहतो, हे सारे त्यांत होते. शेवटाकडे मी वाचले, "आपण असंख्य घरांच्या दुःखात सहभागी झालात, परंतु त्या दुःखाचे नाव आपण कधी ओठांवर येऊ दिले नाही. आपले मौन हीच आपण आम्हांस दिलेली सर्वांत मोठी शिकवण होय."

टाळ्या झाल्या. बराच वेळ झाल्या. त्या ओसरल्या तेव्हा पुढच्या रांगेत आई उभी होती.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला होता आणि हात थोडासा वर धरला होता. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. नासिरभाईंनी माझ्याकडे पाहिले, मग भाऊंकडे पाहिले, आणि ते माइक घेऊन खाली उतरले. आईने माइक हाताने बाजूला केला.

"ते नको. माले मोठ्यानं बोलता येस."

आई भाऊंकडे पाहत होती. "भाऊ, तुम्ही मन्हा घर उनात. पायी पायी उनात, ते मी देखं व्हतं. बठनात. काही बोलनात नही. बाकीना लोके लई बोलेत. तुम्हना तो मोठेपणा शे, मी नही म्हनत नही."

ती थांबली. तिला शब्द शोधावे लागत नव्हते. ते तिच्याकडे फार दिवसांपासून तयार असावेत.

"पन त्यानंतर कोनीच बोललं नही. घरना बोलनात नही, गल्लीना बोलनात नही. मन्हा पोऱ्या तुम्हनाकडे लागना, तोबी बोलत नही. माले वाईट वाटी म्हनीसन. मी तर त्यासनं नाव घेत नही, आम्हनामा बाया घेतस नही. लगनमा उखाणामा घेतं, तितलंच. मंग त्यासनं नाव आते कोन घेई? आज इतला मानसं शेतस. पोऱ्यानी कागदमा सगळं लिखं, त्यासनं नाव नही लिखं. तुम्ही त्यासले ओळखत व्हतात, भाऊ. तुम्ही घ्या. एकडाव घ्या."

कुठेतरी मागे कोणी खोकले. मी मानपत्राकडे पाहिले. अक्षरे तशीच होती, पण ज्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या ते वाक्य मला वाचवेना. आमच्या घरात मी इतकी वर्षे जपून ठेवलेली ती शांतता आईसाठी काय होती, हे मला शेकडो माणसांच्या देखत प्रथम कळत होते. ती माझ्यासमोर मिरच्या खुडत होती तेव्हा तिला हे मागायचे होते. आणि मी तिला बोलू नकोस म्हणून सांगून आलो होतो.

भाऊ उठले. उठताना शाल खांद्यावरून घसरली, ती त्यांनी उचलली नाही. ते स्टेजच्या कडेपर्यंत आले. त्यांचे ओठ दोनदा हलले आणि आवाज आला नाही. ज्या माणसाने तीसेक वर्षे एक दार बंद ठेवले होते, त्याला ते उघडायला वेळ लागत होता.

"धुडकू," ते म्हणाले.

मग जरा मोठ्याने, "धुडकू पाटील. म्हसावदचे."

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर वडिलांच्या नावाचे एकच अक्षर आहे. भूपेंद्र डी. पाटील. ते पूर्ण नाव, गावठी आणि धुळीने माखलेले, दुसऱ्या माणसाच्या तोंडून सभागृहाच्या भिंतींपर्यंत जाताना मी ऐकले. आईने डोळे मिटून घेतले होते.

भाऊ तिथेच थांबले असते तर ते पुरेसे झाले असते. पण उघडलेल्या दारातून माणूस बाहेर यावा तसे काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर येऊ लागले.

"मी पहिल्यांदा पथारीवर गेलो," ते म्हणाले, "तेव्हा मला एवढ्या शिंका येत होत्या की तोंडातून शब्द निघेना. धुडकूभाऊ मिरच्या पालटत होते. मला बघून हसायला लागले. आपल्या गळ्यातला रुमाल काढला आणि माझ्या नाकातोंडाला बांधला. बांधता बांधता काय म्हणाले, माहीत आहे? म्हणाले, 'साहेब, तुम्हना धंदा आनि मन्हा धंदा सारखाच. मानूस जवळ उना का डोळाले पानी येस.'"

सभागृहात हशा उसळला. मागच्या रांगेतल्या, डोंगरातून आलेल्या पावरा आदिवासी प्रतिनिधींपासून पुढच्या पाहुण्यांपर्यंत सगळे हसले. साहेब हसता हसता शिंकले. मी माझ्या वडिलांच्या विनोदावर माणसांना हसताना त्याआधी कधी पाहिले नव्हते. ते विनोद करत असत, हेच मला ठाऊक नव्हते.

"रुमाल नही," आई म्हणाली.

"काय?"

"रुमाल नही व्हता तो. टुवाल व्हता. हिरवा. पथारीवर ऊन लागस म्हनीसन मीच दिधा व्हता."

"रुमाल होता, वहिनी. मला आठवतं." इतकी वर्षे ते तिला ताई म्हणत आले होते.

"टुवाल!" आईचा आवाज चढला. "रुमाल मी कसाले दिसू?"

भाऊंनी फेटा काढून हातात घेतला, कपाळ पुसले आणि मान तुकवली. "बरं. टॉवेल होता."

मग ते स्टेजच्या पायऱ्या उतरू लागले. नासिरभाईंनी घाईने पुढे होऊन त्यांना हात दिला. पुढच्या रांगेतला एक पाहुणा आपण होऊन खुर्चीवरून उठला. नासिरभाई माझ्याकडे वळले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "आता मानपत्र खालीच देऊन टाकायचं का रे?"

"थांबा," साहेब म्हणाले. त्यांचा रुमाल अजून नाकाशी होता. "त्यांचं होऊ द्या."

मी मानपत्र हातात धरून माइकपाशी उभा राहिलो. खाली भाऊ आईशेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती, फेटा मांडीवर. सभागृहात पुन्हा कुजबुज सुरू झाली होती, पण मला त्यातून आईचा प्रश्न नीट ऐकू आला.

"आनखी काय म्हनेत ते?"